कर्ट वॉर्नर : किराणा दुकानाच्या पुढची गोष्ट

मक्याचं_शेत

दर फेब्रुवारीत सुपर बोलचा (अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगचा अंतिम सामना) रविवार जवळ आला की एक फॉरवर्ड फिरायला लागतो. "रात्रपाळीला दुकानात डबे रचणारा पोरगा पाच वर्षांत अमेरिकेचा हिरो झाला! मग तुम्ही का नाही?" खाली उगवता सूर्य आणि जोडलेले हात. यंदा तो मला साताऱ्याच्या मावसभावाने पाठवला. त्याने आयुष्यात अमेरिकन फुटबॉलची एक मॅच पाहिलेली नाही, पण कर्ट वॉर्नर त्याला पाठ आहे.

फॉरवर्ड खोटा नाही. पण गोष्टीतला सगळ्यात पातळ भाग उचलून दरवर्षी त्याचीच जिलबी पाडतात, म्हणून हा धागा.

मी आयोवात, सीडर रॅपिड्सला राहतो. वॉर्नर इथेच वाढला, इथल्या रीजिस हायस्कूलकडून खेळला. ज्या हाय-व्ही दुकानात तो तासाला साडेपाच डॉलरवर रात्री माल लावायचा ते सीडर फॉल्सला, आमच्यापासून तासाभरावर. आमची कोथिंबीर हाय-व्हीतूनच येते, शाखा वेगळी. त्यामुळे थोडा आपलेपणा आहे, तो समजून घ्या.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: वॉर्नर होता क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातात जवळपास प्रत्येक चाल सुरू होते तो. चेंडू हातात आला की त्याला साधारण तीन सेकंद मिळतात. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. तेवढ्यात आपले चार-पाच गडी कुठे पोचतील याचा अंदाज घेऊन, माणूस अजून पोचलेलाच नाही अशा जागी चेंडू टाकायचा. चुकलं तर चेंडू समोरच्याच्या हातात (इंटरसेप्शन). उशीर झाला तर हाडं मोजायची.

वॉर्नर नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात होता आणि शेवटचं वर्ष येईपर्यंत, म्हणजे १९९३ पर्यंत, तिथेही तिसऱ्या नंबरवर बसून होता. त्या एका वर्षात चांगला खेळला, पण १९९४ च्या ड्राफ्टमध्ये (मुख्य लीगचे संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सातही फेऱ्यांत त्याला कोणी घेतलं नाही. ग्रीन बे पॅकर्सने सरावाला बोलावलं. तिथे ब्रेट फार्व, मार्क ब्रुनेल, टाय डेटमर असे तिघे आधीच रांगेत. एकदा प्रशिक्षक म्हणाले, जा आत. हा म्हणाला, मला अजून चाली नीट येत नाहीत. थोड्याच दिवसांत घरी पाठवणी झाली. मग दुकान. आणि ते दुकान, मंडळी, जेमतेम काही महिन्यांचं आहे! १९९५ ला तो डे मॉइनच्या आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडे गेला आणि तीन हंगाम एरिना फुटबॉल खेळला. फॉरवर्डमध्ये या तीन वर्षांना अर्धी ओळसुद्धा मिळत नाही.

एरिना फुटबॉल म्हणजे बंद स्टेडियममधला खेळ. मैदान ५० यार्ड लांब, जेमतेम ८५ फूट रुंद, कडेला गादी लावलेल्या भिंती. बाजूला आठच खेळाडू. मोठ्या मैदानाच्या निम्म्या लांबीत आणि जवळजवळ निम्म्या रुंदीत सगळा गोंधळ. इथे विचार करत उभं राहायची सोयच नाही, चेंडू हातात आला की गेला पाहिजे. वॉर्नर पुढे ज्याच्यासाठी नावाजला गेला तो झटपट हात आणि चिंचोळ्या फटीतून चेंडू काढायची सवय, दोन्हीची तालीम इथे झाली. १९९६ आणि १९९७ ला त्याने संघाला अंतिम सामन्यात नेलं. दोन्ही हरला.

१९९७ ला शिकागो बेअर्सने चाचणीला बोलावलं, तर मधुचंद्राला जमैकात नेमकं फेकायच्या हाताच्या कोपराला काहीतरी चावलं (कोळी असावा) आणि हात सुजला. चाचणी बुडाली. आपल्याकडे पाल चुकचुकते, यांच्याकडे कोळी चावतो.

१९९८ ला सेंट लुइस रॅम्सने त्याला घेऊन युरोपातल्या लीगमध्ये ॲमस्टरडॅमला धाडलं. तिथे लीगमध्ये सर्वाधिक यार्ड (पासने चेंडू पुढे नेलेलं अंतर) आणि टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे पोचवणं) त्याचे. परत आल्यावर पुन्हा तिसरा नंबर, अख्ख्या हंगामात एकाच सामन्यात ११ पास. १९९९ ला क्लीव्हलंड ब्राउन्स नव्याने उभे राहत होते, तेव्हा रॅम्सने त्याला 'हवा तर घेऊन जा' यादीत टाकलं. ब्राउन्सनीही घेतलं नाही.

पुढचं लिहितो, पण जेवण व्हायचंय. तोवर चालू द्या.

सोमवारपेठी

तो फॉरवर्ड मीही पाठवलाय हो, सोसायटीच्या ग्रुपवर. जिलबी मान्य.
प्रश्न: क्वार्टरबॅक म्हणजे आपला विकेटकीपर-कॅप्टन का? का सेटर, व्हॉलीबॉलमधला?

उन्हाळी_पाऊस

सेटर जास्त जवळचा वाटतो. फक्त सेटरवर कोणी अंगावर धावून येत नाही.
मस्त लिहिताय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. त्याच्या बायकोबद्दलही लिहा ना. ती या गोष्टीत नेहमी "आणि पत्नीने साथ दिली" एवढीच उरते.

मक्याचं_शेत

सेटर आणि कबड्डीतला चढाईवाला यांचं मिश्रण म्हणा. एकाच वेळी दुसऱ्याला खेळवायचं आणि स्वतः पकड चुकवायची.

उन्हाळी_पाऊस ताई, ब्रेंडा आधी मरीन दलात होती. ती वॉर्नरला १९९२ ला भेटली तेव्हा घटस्फोटित, दोन मुलांची आई. मोठा झॅक तान्हा असताना डोक्याला मार लागून जवळजवळ अंध झालेला. वॉर्नर कॉलेजातला पोरगा, आणि त्या मुलाशी जमिनीवर बसून खेळायचा म्हणे. १९९६ ला आर्कान्सात टोर्नेडोत ब्रेंडाचे आईवडील दोघेही गेले. हे सगळं चालू असताना होणारा नवरा छोट्या हॉलमध्ये आठ-आठ जणांचं फुटबॉल खेळतोय. १९९७ ला लग्न झालं, मग त्याने दोन्ही मुलांना दत्तक घेतलं. 'साथ दिली' हे कोणी कोणाला, मला नक्की सांगता येणार नाही.

आता १९९९. रॅम्स आदल्या वर्षी ४ जिंकून १२ हरलेले. त्यांनी ट्रेंट ग्रीन नावाचा क्वार्टरबॅक आणला होता, सेंट लुइसमध्येच वाढलेला. ऑगस्टच्या शेवटी, हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या सराव सामन्यात सॅन डिएगोच्या रॉडनी हॅरिसनची धडक बसून ग्रीनच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. वर्ष गेलं. प्रशिक्षक डिक व्हर्मील पत्रकारांसमोर रडले आणि म्हणाले, आता आम्ही कर्ट वॉर्नरभोवती उभे राहू आणि चांगलं फुटबॉल खेळू. ते ऐकून कोणाला खरं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

त्या हंगामात वॉर्नरचे ४,३५३ यार्ड आणि ४१ टचडाउन पास. रॅम्स १३ विजय, ३ पराभव. वय २८, सामना सुरू करायची पहिलीच खेप, आणि थेट लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

३० जानेवारी २०००, अटलांटा, सुपर बोल. टेनेसी टायटन्सविरुद्ध १६-० ची आघाडी हातची गेली, १६-१६ झाले. दोन मिनिटं उरलेली. लगेचच्या चालीत वॉर्नरने आयझॅक ब्रूसकडे लांब चेंडू टाकला, ७३ यार्डांचा टचडाउन. मजा अशी की फेकताना जेव्हॉन कर्सने त्याला धडक दिल्यामुळे चेंडू अपुरा पडला. ब्रूस मागे वळून आला, बचाव करणारा पुढे निघून गेला. म्हणजे तो ऐतिहासिक पास खरं तर चुकलेला पास आहे. २३-१६. मग शेवटच्या चालीत टायटन्सच्या केव्हिन डायसनला माइक जोन्सने रेषेपासून एका यार्डावर पाडलं. वॉर्नरचे ४१४ यार्ड, तेव्हाचा विक्रम.

फॉरवर्ड इथे संपतो. सूर्य उगवतो.

जुना_डेन्व्हरकर

लेख चांगला, पण पूजा थोडी जास्त होतेय. माझं मत अप्रिय असेल, हलके घ्या.

त्या रॅम्समध्ये कोणीही चाललं असतं. मार्शल फॉक त्याच वर्षी आला, धावून १,३८१ आणि झेलून १,०४८ यार्ड. एकाच हंगामात दोन्हीकडे हजार करणारा इतिहासातला दुसरा माणूस. ब्रूस, टॉरी होल्ट, हकीम, प्रोल असे चार रिसीव्हर (पास झेलणारे). डावीकडे ऑरलँडो पेससारखा भिंत-माणूस. वर माइक मार्ट्झच्या चाली. आणि २००२ ला हाच वॉर्नर सुरुवात केलेले सहाच्या सहा सामने हरला. मार्क बल्जर नावाचा अनोळखी मुलगा आला आणि तोच संघ जिंकायला लागला. मग हुशारी कोणाची?

कॅन्सस_काका

डेन्व्हरकरांशी पन्नास टक्के सहमत, आणि त्या पन्नास टक्क्यांत ट्रेंट ग्रीन बसतो. फॉरवर्डमध्ये त्या बिचाऱ्याचा फक्त गुडघा असतो. २००१ ला व्हर्मील आमच्या कॅन्सस सिटीला आले, पाठोपाठ हा गडीही आला, आणि उत्तम खेळला. दोनदा प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला. १९९९ ला तो धडधाकट राहता तर रॅम्स तरीही जिंकले असते असं मला वाटतं. आणि वॉर्नर आज कुठेतरी शाळेत प्रशिक्षक असता.

मक्याचं_शेत

शेवटचं वाक्य मला पूर्ण मान्य आहे, काका. म्हणूनच "तुम्ही का नाही" हा प्रश्न मला सहन होत नाही. तुम्ही का नाही? कारण तुमच्या पुढच्या माणसाचा गुडघा शाबूत आहे.

डेन्व्हरकर, तुमचा मुद्दा १९९९ पुरता जवळपास खोडता येत नाही. मीही खोडत नाही. पण तुम्ही २००२ ला थांबलात. माझी गोष्ट तिथे सुरू होते.

२००१ चा हंगाम आठवा. ४,८३० यार्ड, ३६ टचडाउन, पुन्हा सर्वोत्तम खेळाडू, संघ १४-२. सुपर बोलमध्ये समोर न्यू इंग्लंड, त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी नावाचा कोणी नवखा. रॅम्सना १४ गुणांनी सरस धरलेलं. टाय लॉने वॉर्नरचा एक चेंडू पळवून ४७ यार्ड नेला, टचडाउन. शेवटी १७-१७ झालं आणि ॲडम विनातिएरीने शेवटच्या क्षणी ४८ यार्डांवरून किक मारली. २०-१७. ब्रेडीचं साम्राज्य त्या रात्री सुरू झालं आणि वॉर्नरचं मोडायला लागलं.

२००२ : ३ टचडाउन, ११ इंटरसेप्शन, फेकायच्या हाताचं बोट मोडलं. २००३ : पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्कला सहा वेळा चेंडू हातातून सुटला, डोक्याला मार लागला, जागा बल्जरला. २००४ : रॅम्सनी सोडलं. जायंट्सकडे गेला, ५ जिंकले ४ हरले, तरी बाहेर, कारण नवख्या एलाय मॅनिंगला तयार करायचं होतं. २००५ : ॲरिझोना. २००६ : ॲरिझोनाने मॅट लाइनर्टला पहिल्या फेरीत घेतलं, हा पुन्हा बाकावर.

बघा, दुकानात डबे रचताना त्याच्याकडे गमवायला काही नव्हतं. बावीस-तेवीस वर्षांचा होता. इथे तो पस्तिशीचा, दोनदा सर्वोत्तम ठरलेला, आणि ओळीने तीन संघ त्याला सांगतायत की बाबा, तू पोराला शिकव आणि गप बस. यातून उठणं मला दुकानातून उठण्यापेक्षा अवघड वाटतं. त्यावर मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

सोमवारपेठी

हे मनापासून पटलं. आमच्या ऑफिसात पन्नाशीच्या माणसाला "तुमच्या अनुभवाचा नव्या टीमला फायदा होईल" म्हणतात, तेव्हा समजून जायचं. ;)

जुना_डेन्व्हरकर

ठीक, पण सहा वेळा चेंडू सुटणं हे दुर्दैव नव्हे. शैलीचा दोष आहे. तो शेवटच्या क्षणापर्यंत पॉकेटमध्ये (आपल्या गड्यांनी आडोसा केलेल्या जागेत) उभा राहायचा, पळायचं नावच नाही. मार खाणार, चेंडू सोडणार. ॲरिझोनातही सोडायचाच.

मक्याचं_शेत

सोडायचा, खरंय. पण गुण आणि दोष एकाच सवयीतून आलेत. रिसीव्हर मोकळा होईपर्यंत हा हलत नाही, समोरून गाडी येताना दिसत असूनही. त्यामुळे चेंडू अचूक जातो आणि त्याच कारणाने हा आडवा होतो. एक काढून दुसरं ठेवता आलं नसतं. उलट त्याने उपाय शोधले. शेवटच्या काही हंगामांत दोन्ही हातांत हातमोजे घालून खेळायचा, क्वार्टरबॅकमध्ये तेव्हा विचित्रच दिसायचं ते. पकड सुधारली.

२००८ ला सराव शिबिरात त्याने लाइनर्टकडून जागा परत मिळवली. ४,५८३ यार्ड, ३० टचडाउन. संघ मात्र ९-७, कसाबसा प्लेऑफमध्ये (बाद फेरीत). तिथे अटलांटा, कॅरोलायना, फिलाडेल्फिया असे तिघे ओळीने हरवले. ॲरिझोना कार्डिनल्स हा लीगमधल्या सगळ्यात जुन्या संघांपैकी एक. त्यांचं शेवटचं विजेतेपद १९४७ चं, आणि सुपर बोल त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. डेन्व्हरकर, इथे फॉक नव्हता. लॅरी फिट्झजेराल्ड होता, मान्य. पण फिट्झजेराल्ड आधीची चार वर्षंही होताच की.

तो सुपर बोल (१ फेब्रुवारी २००९, टँपा) मी पाहिला. मी नुकताच इथे आलो होतो. गाव आदल्या जूनच्या पुरातून सावरत होतं, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. एका सहकाऱ्याच्या तळघरात पंचवीस माणसं, आणि मला कळेना की आयोवातले हे लोक वाळवंटातल्या संघासाठी का ओरडतायत. खेळाचे नियमही धड ठाऊक नव्हते.

पहिला अर्ध संपत आलेला. समोरचा पिट्सबर्ग १०-७ ने पुढे, वॉर्नर त्यांच्या रेषेपासून एका यार्डावर. जेम्स हॅरिसन धावून येणार असं भासवून मागे थांबला, चेंडू पकडला आणि १०० यार्ड पळाला. इकडे १४-१० व्हायचं ते १७-७ झालं. तळघरात चिप्स चावल्याचाही आवाज नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत वॉर्नरने संघ परत आणला. फिट्झजेराल्ड ६४ यार्ड पळाला, २३-२०, अडीच मिनिटं बाकी. मला खेळ कळला तो त्या क्षणी. मग ३५ सेकंद उरले असताना पिट्सबर्गच्या सँटोनियो होम्सने कोपऱ्यात, दोन्ही पायांची बोटं जेमतेम आत टेकवून चेंडू झेलला. २७-२३. वॉर्नरच्या शेवटच्या प्रयत्नात चेंडू हातातून सुटला. डेन्व्हरकरांना आनंद.

त्या दिवशी सुपर बोलच्या इतिहासातले सर्वाधिक यार्डांचे पहिले तिन्ही आकडे वॉर्नरच्या नावावर होते : ४१४, ३७७, ३६५. तिघांतला एकच जिंकलेला.

जुना_डेन्व्हरकर

आनंद नाही हो झाला, मीही त्या दिवशी ॲरिझोनाकडूनच होतो. 
आणि एक तुम्ही विसरलात, तुमच्याच बाजूचं आहे म्हणून देतो : जानेवारी २०१० चा ग्रीन बेविरुद्धचा प्लेऑफ. ३३ पैकी २९ पास पूर्ण, ५ टचडाउन. चुकलेले पास चार, टचडाउन पाच! ५१-४५, जादा वेळेत. १९९४ ला ज्यांनी घरी पाठवलं त्यांच्याचविरुद्ध. वय ३८.

मक्याचं_शेत

दंडवत! हे माझ्याकडून राहिलं कसं.

हाडवैद्य

वाचतोय. पुढच्याच आठवड्यात न्यू ऑर्लीन्सला जी धडक बसली तिचा उल्लेख हवा. याचा चेंडू पळवला गेला, हा पळवणाऱ्याला अडवायला निघाला आणि बॉबी मक्रेने आडवा केला. दुसऱ्या अर्धात तरीही परत आला. ४५-१४ हरले. तेरा दिवसांनी, २९ जानेवारीला, निवृत्ती. डोक्यावरच्या माराचा हिशोब वर्षांनी लागतो, त्यामुळे वेळेत थांबला हे मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. २०१२ ला त्याने म्हटलंही होतं की आपल्या मुलांनी हा खेळ खेळला नाही तर बरं. माजी खेळाडू तुटून पडले त्याच्यावर, की ज्या खेळाने दिलं त्यालाच नावं ठेवतो.

कॅन्सस_काका

आणि मुलगा? ई.जे. वॉर्नर, २०२२ आणि २०२३ ला टेंपल विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. बापाचं कोण ऐकतं?

उन्हाळी_पाऊस

ज्या बापाने स्वतः "आता पुरे" म्हणणाऱ्या सगळ्यांकडे दुर्लक्ष केलं, त्याच्या मुलाने तरी का ऐकावं? 
हॉल ऑफ फेमला गेला का तो?

मक्याचं_शेत

२०१७ ला. आणि एरिना फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्येही आहे. दोन्हीकडे असलेला तो एकटाच. त्या आठ जणांच्या खेळाला कमी लेखणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो.

रानवारा

नवीन वाचक. क्रिकेटपलीकडे काही बघत नाही, पण धागा एका दमात वाचला. भारतात हा सुपर बोल किती वाजता असतो? यंदा बघायचा म्हणतोय.

मक्याचं_शेत

सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो. चहा करून बसा, आणि ऑफिसला उशिरा येतो म्हणून आधीच सांगून ठेवा. सामना साठ मिनिटांचा असतो, पण संपायला साडेतीन-चार तास लागतात.